आडवा घासलेला पत्रा

मी करतो त्याला शिल्प म्हणावं की नाही, यावर आमच्या दांडी गावात अजून एकमत नाही. लोखंडी चौकट, काचेचा ठोकळा, नुसता पत्रा. त्यात चेहरा नाही, हातपाय नाहीत, गणपती तर नाहीच नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत माझा भाड्याचा गाळा आहे. तिथला धातूला चकाकी देणारा बफिंगवाला कारागीर मला दर वेळी विचारायचा, "साहब, इसमें डिज़ाइन कब डालोगे?" मी सांगायचो, डिझाइन उजेड करेल. तो मान हलवून चहा प्यायला निघून जायचा.

त्या वर्षी मी माणसाहून थोडा उंच, दाराएवढा एक स्टीलचा पत्रा केला. आरशासारखी चकाकी मला नको होती. आरसा चोंबडा असतो, सगळं सांगून मोकळा होतो. म्हणून पत्रा पॉलिश पेपरनं आडवा, एकाच दिशेनं घासत राहिलो. आडव्या ओरखड्यांची खोड अशी, की समोरच्याचं प्रतिबिंब उभं ताणलं जातं. बुटका माणूससुद्धा लांबलचक दिसतो आणि चेहरा पुसला जातो. मुंबईतल्या प्रदर्शनातून तो पत्रा गेला तसा परत आला. गाळ्यात जागा नव्हती, म्हणून घरी आणून अंगणात माडाजवळ समुद्राकडे तोंड करून रोवला. शेजारची काकी म्हणाली, बरं झालं, बोंबील वाळत घालायला सोय झाली. मी हसलो, पण मनातून चिडलो होतो.

घरात तेव्हा बाबा आणि मी, दोघंच. आई आधीच गेली होती. धाकटा भाऊ आदल्या हंगामात जाळं ओढताना बोटीवरून पडला, तो सापडलाच नाही. बोट परत आली, खलाशी परत आले, त्याचा जेवणाचा डबासुद्धा परत आला. आम्ही किनारा पालथा घातला. शेवटी भावकीच्या सांगण्यावरून दर्भाचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म उरकलं. घरात मूर्तिकार आहे म्हणून पुतळा मीच वळला. त्यालाही चेहरा नव्हता, तसा तो कुणी करतही नाही. बाबा आले नाहीत. गवत जाळून पोरगा जात नाय, एवढंच ते म्हणाले.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. माणूस समोर आला की ते आधी आवाजाची वाट बघायचे. भाऊ गेल्यापासून रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसायचे. पत्रा आला आणि काही दिवसांनी, रात्री गाळ्यावरून परतलो तर ती खुर्ची फिरलेली. आता पाठ समुद्राला आणि तोंड पत्र्याला. मी सुखावलो. माझं काम कुणीतरी एवढं एकटक बघतंय आणि तेही घरातलं माणूस, हे माझ्या नशिबात कधी नव्हतं. मग एका रविवारी दुपारी, जेवताजेवता, त्यांनी सांगितलं की धाकटा रोज दिवस बुडताना येतो. बोलत नाही. पत्र्यात उभा राहतो आणि अंधार झाला की जातो.

मी ताट बाजूला सरकवलं. मग मी मास्तरासारखा समजावत बसलो. मावळतीचा सूर्य पाठीमागे, उजेड पत्र्यावर, मधे खुर्ची, तेव्हा दिसतं ते त्यांचंच प्रतिबिंब. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी बसलेला असतो," ते म्हणाले. "तो उभा असतो."

आडव्या ओरखड्यांचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, पण जीभ रेटेना. भाऊ घरात सगळ्यांत उंच होता. दारातून आत येताना त्याला वाकावं लागायचं.

पावसाळा सरता सरता बाबा ओट्याच्या पायरीवरून पडले आणि मनगट मोडून बसले. पालघरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, आता ऑपरेशन लांबवलं तर नजर हातची जाईल. बाबा नाही म्हणाले. मी गोडीत सांगितलं, मग आवाज चढवला, मग अबोला धरला. म्हातारा ढिम्म. शेवटी एकदा हळूच बोलले.

"डोलं साफ झालं नि तो दिसला नाय त?"

 गेलेल्या पोराला धरून ठेवायला हा माणूस आंधळा व्हायला तयार होता आणि धरून ठेवायची वस्तू मीच त्याच्या अंगणात रोवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पत्रा उचलायला टेम्पो आणला. बाबा आत झोपले होते. अंगणात त्यांची रिकामी खुर्ची पत्र्याकडे तोंड करून होती. मी टेम्पोवाल्याला परत पाठवलं. मग बाबांना शब्द दिला, काहीही दिसो वा न दिसो, पत्रा इथून हलणार नाही. तेव्हा कुठे ते तयार झाले.

ऑपरेशन नीट झालं, एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं. डॉक्टरांनी मोकळीक दिली त्याच संध्याकाळी त्यांनी खुर्ची मागितली. मी गाळ्यावर गेलोच नाही. काळा चष्मा लावून ते बसले, मी त्यांच्या मागे उभा. सूर्य खाली आला तसा पत्रा तांब्यासारखा तापत गेला. त्यात खाली एक गडद आकार होता आणि त्याच्यामागे एक उंच, काळी रेघ. बाबांनी चष्मा काढला. 

"म्हंजे तूच," ते म्हणाले. "इतकं दिस माझ्या मागं तूच उभा ऱ्हायचास."

"हो बाबा," मी म्हणालो.

त्यांनी मागे न बघता माझा हात धरला आणि रडले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून त्याचा फोटो काढायला सांगितला आणि त्याला हार घातला.

ऑपरेशनच्या आधी मात्र मी संध्याकाळी कधीच घरी नसायचो. मी बोईसरला पत्रे घासत असायचो आणि अंधार पडल्यावर परतायचो. बाबांच्या मागे तेव्हा कुणीच नसायचं.

आता मी दिवस बुडायच्या आत घरी येतो आणि त्यांच्या खुर्चीमागे उभा राहतो. खाऱ्या वाऱ्यानं पत्र्यावर चहा सांडल्यासारखे डाग पडलेत, तरी उजेड येतो. बाबा पत्र्याकडे बघतात, मी खाली जमिनीकडे. पत्र्यात आम्ही किती जण आहोत, हे मान वर करून बघायचं धाडस मला अजून झालेलं नाही.