मदनशेठच्या गाडीचा क्लच

क्लचचं पेडल खाली जाईना. मी गाडीबाहेर गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ते दाबत होते आणि खुर्चीत बसलेले मदनशेठ मजेत बघत होते.

"ताई, जोर लावा. सकाळी काय खाल्लं का न्हाई?"

"शेठ, हा क्लच मोटारीचा आहे का ट्रकचा?"

"माज्या हातानं बसवलाय. डाव्या पायानं इतकी वर्षं दाबलाय. कधी जड न्हाई लागला."

तो डावा पाय आता नव्हता. साखरेच्या आजारात जखम चिघळली आणि गुडघ्याखालून काढावा लागला. त्या जागी नकली पाय बसवला होता. त्याने चालता येतं, पण पेडल किती दाबलं हे त्याला कळत नाही. म्हणून शेठ माझ्याकडे आले होते.

आळेफाट्याजवळ माझं वर्कशॉप आहे. अपंग माणसाला चालवता यावी म्हणून गाडीत बदल करून देणं हे माझं काम. ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, क्लच, जे पायाने जमत नाही ते हाताखाली आणायचं. गिऱ्हाइकं बहुतेक लहान गाड्या घेऊन येतात. मदनशेठ मात्र टेम्पोवर चढवून एक लाल, बुटकी, दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कार घेऊन आले. तिशी ओलांडलेली. फाट्यावरचे लोक हातातला चहा ठेवून बघायला आले.

शेठचं नारायणगावात बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठची बोली बाजारातली, आपली. तरुणपणी परदेशातून परतलेल्या एका माणसाकडून त्यांनी मुंबईत ही गाडी घेतली आणि कुणाला हात लावू दिला नाही. पार्ट कुठून कुठून मागवून स्वतः बसवले. युरियाच्या हवेने पत्रा गंजतो, म्हणून गोदाम वारूळवाडीला हलवलं. गाडी दुकानामागे होती तिथेच ठेवली. पुढे टर्बो मोठा टाकला. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. ताकद वाढली की साधा क्लच घसरतो, म्हणून कडक प्रेशर प्लेट, म्हणजे क्लच आवळून धरणारी चकती, टाकली. ती प्लेट मी आता हातांनी दाबत होते.

"जुनी, मऊ प्लेट परत टाकू," मी म्हणाले.

"मग टर्बो काय शोभेला ठिवायचा?"

"नाहीतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शोधू."

"मग ती माजी गाडी न्हाई राह्यली. ताई, गिअर मी टाकनार. बाकी तुमी ठरवा."

मी नाहीच म्हणणार होते. पण बरोबर त्यांची बायको, शांताकाकू, आल्या होत्या. शेठ खंडूभाऊला इंजिन दाखवायला गेले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. खंडूभाऊ माझा वेल्डर.

"करून द्या ओ," काकू म्हणाल्या. "पाय गेल्यापास्नं दुकानात लक्ष न्हाई. मागं जातात, गाडीत बसतात, काच खाली घेतात, परत येतात. रोजचं झालंय. मला बघवत न्हाई."

काम घेतलं. बदलाच्या परवानगीचा अर्ज आरटीओकडे टाकला, ती आली आणि गाडी खोलली.

जड क्लच हाताने ओढायचा तर मदत लागते. ती व्हॅक्यूमने मिळते. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं. त्या ओढीला एक गोल डबा जोडला की डब्यातला पडदा खेचला जातो आणि त्याला बांधलेली तार क्लच दाबते. गिअरच्या मुठीवर बटण असतं. बटण दाबलं की क्लच दाबला गेला, सोडलं की सुटला. साध्या गाड्यांत असे डबे मी डोळे मिटून बसवते.

इथे पहिल्याच चाचणीत गिअर करकरला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टर्बो हवा कोंबायला लागतो, आणि कोंबायला लागला की ओढ संपते. म्हणजे ऐन वेगात, दुसरा गिअर टाकायच्या क्षणाला, डब्यात जीवच नाही.

"म्हंजी वरात निघाली आन घोडा बसला," खंडूभाऊ म्हणाला.

शेवटी इंजिनाचा नाद सोडला. काही नव्या गाड्यांत ब्रेकसाठी विजेवरचा व्हॅक्यूम पंप असतो. तसा एक मिळवला. ओढ साठवायला खंडूभाऊने लोखंडी टाकी बनवली आणि डिकीत बसवली. आता बटण दाबलं की क्लच झटक्यात खाली. पण खरं काम क्लच दाबण्यात नसतं, सोडण्यात असतं. झटकन सुटला की गाडी उडी मारून बंद पडते. हवा हळूहळू आत सोडणारा वॉल्व्ह मी किती वेळा घट्ट-सैल केला, हिशेब नाही. शेठ रोज नारायणगावहून एसटीने यायचे. खुर्चीवर बसून नुसतं ऐकायचे.

"अजून एक आटा सैल. सुटताना हिसका देतीय."

सैल केला. बरोबर होतं त्यांचं.

ज्या दिवशी गाडी तयार झाली त्या दिवशी आम्ही ती फाट्यामागच्या माळावर नेली. तिथे प्लॉटिंगसाठी रस्ते पाडून ठेवलेत, घरं अजून नाहीत. शेठ चालवायला बसले. मी शेजारी.

पहिला गिअर पडला. गाडी लोण्यासारखी उचलली. दुसरा. तिसरा. टर्बोची शीळ ऐकू आली आणि माझी पाठ सीटला टेकली. माणूस एवढ्या वेळात दहा वर्षांनी तरुण झालेला मी पहिल्यांदा पाहिला. मला माझ्या कामाचा इतका आनंद क्वचित झाला असेल.

परत फिरताना चौकात डावीकडून एक दूधवाला मोटरसायकलवर येत होता. किटल्या लावलेल्या, सावकाश. मला तो लांबूनच दिसला. शेठचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच.

"शेठ!"

ते समोर बघत होते. मी हँडब्रेक ओढला. गाडी आडवी झाली. दूधवाला किटल्यांसकट कडेच्या गवतात गेला, पडता पडता सावरला.

"डोळं फुटलं का रं!" तो ओरडला.

शेठनी हँडब्रेक खाली केला. मग म्हणाले, "उन्ह डोळ्यांवर व्हतं."

ऊन आमच्या पाठीमागे होतं.

लायसनवर बदल नोंदवायला त्याच गाडीत टेस्ट द्यावी लागते आणि त्याआधी मेडिकल सर्टिफिकेट. मी म्हणाले, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. शेठ चिडले. तुमचं काम पायाचं, डोळ्यांचं नाही, म्हणाले. शेवटी काकूंनी नेलं, मीही गेले. डॉक्टरांनी पडद्याच्या तपासण्या केल्या. पायाला ज्या साखरेने खाल्लं तिनेच डोळ्यांचे पडदेही खाल्ले होते.

"समोरचं ठीक दिसतं," डॉक्टर म्हणाले. "कडेचं गेलंय. जे गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राखायचं. गाडी मात्र नाही, कुठलीच नाही."

काकू रडल्या. शेठ रडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच वर्कशॉपला आले. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"मला ठावं व्हतं, ताई. वरीसभर दुकानात पोत्यांना धडकतोय. वाटलं, पायाचं येकदा जमलं म्हंजी बाकीचं चालून जाईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सर्टिफिकेटचं एखादा एजंट बघंल. मी ओझरच्या पुढं न्हाई जानार. सकाळच्या पारी रस्त्याला कोन असतंय?"

"दूधवाले असतात, शेठ."

ते माझ्याकडे वळले.

"तुमीच बसवलात ना हा क्लच? का बसवलात मग?"

"किल्ली मी काकूंच्या हाती देईन," मी म्हणाले. ते निघून गेले. गाडी पुन्हा टेम्पोवर चढून दुकानामागे गेली, आणि माझे फोन त्यांनी उचलणं बंद केलं.

पावसाळा संपता संपता काकूंचा फोन आला. गाडी विकली होती. पुण्याचा एक हौशी माणूस. त्याची एक अट होती: हाताचा क्लच काढून गाडी होती तशी करून द्यायची. ते काम माझ्याचकडे आलं.

बसवायला जेवढा वेळ लागला त्याच्या चौथाईतच सगळं निघालं. पंप, टाकी, तारा. डिकीतली भोकं खंडूभाऊने बुजवली आणि वरून रंग मारला.

गाडी न्यायला कॅरिअर आला, पण आमच्या अरुंद रस्त्यावर वळेना. तो नाशिक रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर थांबला. तिथपर्यंत गाडी मी नेणार होते. निघणार तोच शेठ रिक्षातून उतरले. बारीक झाले होते.

"शेजारी बसू का?"

मी दार उघडून दिलं. नकली पाय हाताने उचलून त्यांनी आत घेतला. मी गाडी चालू केली आणि सगळा जोर लावून क्लच दाबला. गिअरकडे हात नेणार तोच त्यांचा उजवा हात मुठीवर आला.

"तुमी फकस्त क्लच दाबा," ते म्हणाले. "गिअर मी टाकतो."

त्यांनी पहिला टाकला. मी क्लच सोडला. रस्त्याला लागलो तसे ते मान किंचित वाकवून आवाज ऐकायला लागले. समोर बघतच नव्हते.

"अजून... अजून जाऊ द्या... दाबा."

दुसरा गिअर कळणारही नाही असा पडला. पुढे तिसरा. ट्रकच्या मागे अडकलो तर माझ्याआधी त्यांना कळायचं, हात आपोआप खालच्या गिअरवर. डावा पाय थरथरत होता माझा, इतका तो क्लच जड. पण सबंध रस्त्यात एक गिअर करकरला नाही. पेट्रोल पंप आला तेव्हा मला वाटलं, सरळ पुढे जावं, नारायणगावला वळसा घालून यावं. पण कॅरिअरवाला हात करत होता.

शेठनी गाडी न्यूट्रलला आणली. मुठीवरचा हात मात्र लगेच काढला नाही.

"इंजिन लगीच बंद करू नका," ते म्हणाले. "टर्बो गरम असतो. जरा निवू द्या."

आम्ही तसेच बसून राहिलो. मग त्यांनीच हात पुढे करून किल्ली फिरवली.

गाडी पुण्याला गेली. शेठ दुकानात बसतात. डोळ्यांची इंजेक्शनं चालू आहेत. समोरचं अजून दिसतं, असं काकू सांगतात. नारायणगावला गेले की मी भेटते. गाडीचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

आता कुणीही गाडी घेऊन आलं की बॉनेट उघडण्याआधी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. काही जण भडकतात. "पाय बघा की, डोळं कशाला?" म्हणतात आणि दुसरीकडे जातात. जाऊ देते. पायाचं आम्हाला काहीतरी करता येतं.