सातवडचे सहाशे चौदा गोठे

सातवड हे गाव होतं, तेव्हा तिथं गटार तुंबायचं. मग शासनाने त्याचं शहर केलं, आणि गटार तुंबण्याला सांडपाणी व्यवस्थापनाची समस्या म्हणू लागले. ग्रामपंचायतीची पाटी उतरली, तिच्याच खिळ्यांवर नगरपंचायतीची चढली. नवी पाटी जरा जड असल्याने ती डावीकडे कलली. पण शहरालाच कलायला वेळ लागत नाही, तिथे पाटीला कोण बोलणार?

बोईसरहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला, सुरूच्या झाडांच्या ओळीपलीकडे जयवंतीबाई सावे यांची वाडी होती. बावीस गुंठे. त्यात सुपारी, नारळ, चार चिकू आणि सावलीला लावलेली पानवेल. मधोमध गोड्या पाण्याची विहीर. कारखान्यांच्या बाजूच्या विहिरींना गेली कित्येक वर्षं चहाचा रंग आला होता, चव मात्र चहाची नव्हती. जयवंतीबाईंच्या विहिरीचं पाणी अजून पाण्यासारखं होतं. त्यांचं वय चौसष्ट. यजमान जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन सुरतेला. सकाळी पानं खुडायची, ओल्या फडक्यात बांधून बाजाराला धाडायची, आणि दुपारी विहिरीच्या कठड्यावर बसून कोण कुठे जातंय ते बघायचं. या शेवटच्या कामासाठी नगरपंचायतीने नंतर कॅमेरे बसवले. ते बंद आहेत. जयवंतीबाई चालू होत्या.

वाडीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या पाच खोल्या होत्या. त्याचीच ही हकिकत.

अठरा वर्षांपूर्वी त्या जागी गोठा होता. शेवटची गाय कपिली म्हातारी होऊन गेली आणि गोठा ओस पडला. त्याच सुमारास कारखान्यांजवळच्या कुंभवली गावातल्या खोल्या भरल्या, तशी कारखान्यातली माणसं जागा शोधत सातवडपर्यंत यायला लागली. जयवंतीबाईंनी गव्हाण काढली, भिंती घातल्या, फरशी टाकली आणि ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं, "नरहरी, गोठ्यात आता भाडेकरू ठेवते मी. लिवून घे."

नरहरी म्हणजे ग्रामपंचायतीचा कारकून. अक्षर मोत्यासारखं, आणि मोत्यासारखंच तो ते जपून वापरायचा.

"वयनी, लिवलं की परवानगी आली, नकाशा आला, घरपट्टी आली," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे गोठाच. गोठ्याला कोण विचारतंय?"

खरोखरच कोणी विचारलं नाही. ही सोय गावाला इतकी आवडली, की दोन वर्षांत सातवडमध्ये कोणी खोली बांधतच नव्हतं. जो तो गोठा बांधी. गोठ्यांना खिडक्या आल्या, खिडक्यांना पडदे आले. तात्या म्हात्र्यांनी तर तीन मजली गोठा बांधला, वर पाण्याची टाकी आणि खाली मोटरसायकली लावायला जागा. गावात जित्या गाई उरल्या नऊ, त्याही सगळ्या एका दामूच्या. कागदावर गोठे झाले सहाशे चौदा.

शहर झाल्यावर विकास आराखडा करायचा असतो. पुढची वीस वर्षं कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाजार हे ठरवून नकाशात रंग भरायचे. त्यासाठी मुंबईच्या एका सल्लागार कंपनीने प्रणव नावाचा तरुण इंजिनीअर पाठवला. मुलगा हुशार. त्याने एका दुपारी सातवडवर ड्रोन उडवला. वरून पत्रे दिसले. पत्र्याखाली माणूस आहे की म्हैस, हे वरून सांगता येत नाही. सरकारला तर जवळूनही सांगता येत नाही. मग त्याने ग्रामपंचायतीचं जुनं रजिस्टर मागवलं. नरहरीच्या मोत्यांनी लिहिलेलं होतं, गोठा, गोठा, गोठा. प्रणवने हिशेब मांडला. गोठे सहाशे चौदा, प्रत्येकी सरासरी तीन जनावरं, एकूण पशुधन अठराशे बेचाळीस. माणसं त्या मानाने बेताचीच.

अशा शहराला काय लागतं, हे कोणीही सांगेल.

आराखडा कार्यालयाच्या भिंतीवर लागला, त्या दिवशी जयवंतीबाई पानं पोचती करून येताना सहज आत डोकावल्या. आपली वाडी शोधायला त्यांना वेळ लागला नाही. विहीर त्यांनी बोटाने शोधली, आणि बोट तपकिरी रंगावर टेकलं.

"नरहरी, हा रंग कसला रे?"

नरहरी आता नगरपंचायतीचा कर विभाग सांभाळत होता. त्याने चष्मा पुसला. रंग वाचायला चष्मा लागत नाही, पण वेळ काढायला लागतो. "आरक्षण नंबर तेवीस, वयनी. कोंडवाडा नि जनावरांचा दवाखाना."

"माझ्या वाडीत?"

"अठरा गुंठे. विहिरीसकट." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मोकाट जनावरांना पाणी लागंल ना."

"मोकाट जनावरं हायत कुठे?"

"रजिस्टरात."

"नि माणसांचा दवाखाना?"

"लोकसंख्येत बसत नाय म्हंतात. बोईसरला जायचं."

आराखड्यावर हरकत घ्यायला तीस दिवस असतात. जयवंतीबाईंनी घरी येऊन अर्ज लिहायला घेतला. 'माझ्या गोठ्यात जनावर नाही,' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. जनावर नाही, तर मग काय आहे? पुढचं वाक्य लिहिलं असतं तर ते त्यांच्या एकटीचं राहिलं नसतं. सहाशे तेरा घरांच्या चुलीत पाणी गेलं असतं.

हे तात्या म्हात्र्यांना त्यांच्याआधी कळलं होतं. तात्या आता नगरसेवक. शिवाय नियोजन समितीवर होते, त्यामुळे त्यांची स्वतःची पडीक जमीन नकाशात सुंदर हिरव्या रंगात निघाली होती. ते मोटरसायकलवरून आले, विहिरीचं पाणी मागून प्याले, दोनदा वाखाणलं.

"जयवंतीवयनी, तू काय बोलू नको. कोंडवाडा आपण मागनं हलवू."

"मागनं म्हंजे कधी?"

"शहराच्या कामाला घाई करून चालतं काय? आधी मंजूर होऊ दे, मंग बदलू. उद्या मोठे साहेब जागा बघायला येतील. दामूच्या तीन गाई सकाळी तुझ्या गोठ्यापुढं बांधतो. भाडेकरूंना दोन तास भायेर काढ. साहेब गाई बघतील नि जातील."

"नि त्यांनी दुसरे गोठे बघितले तर?"

"गाई चालत जातात की. पाय हायत त्यांना."

दामूच्या गाईंना त्या आठवड्यात सातवडमधल्या कुठल्याही नगरसेवकापेक्षा जास्त लोकसंपर्क घडणार होता.

त्या संध्याकाळी तीन नंबरच्या खोलीतली भागी कागद घेऊन आली. भागी आणि जिवल्या डोंगराकडच्या पाड्यावरचे. पूर्वी पाऊस संपला की घर सोडून वीटभट्टीवर जायचे. जिवल्याला कारखान्यात काम लागलं तशी गेली चार वर्षं इथेच होते. दीड महिन्यापूर्वी त्यांना मुलगी झाली होती. मुलीचा जन्मदाखला आला होता.

"बाय, काय लिवलाय? वाच ना जरा," भागी म्हणाली.

जयवंतीबाईंनी वाचलं. मुलीचं नाव दीपा. आईचं नाव, बापाचं नाव बरोबर. पत्त्यासाठी जिवल्याने त्यांच्याच गोठ्याच्या उताऱ्याची प्रत दिली होती, ती त्यांनीच त्याला दिलेली. त्यातलं जसंच्या तसं उतरलं होतं. 'गोठा क्रमांक २१७, सातवड.'

"पत्ता काय घातला?" भागीने विचारलं.

"सातवड," जयवंतीबाई म्हणाल्या. खोटं नव्हतं. अर्धं होतं.

भागीने कागद दुपट्यासारखा हलक्या हाताने घडी करून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामू तीन गाई घेऊन आला. दोन निमूट उभ्या राहिल्या. तिसरीने दोरीवरचं दीपाचं झबलं ओढलं आणि शांतपणे चघळायला घेतलं. भाडेकरू पाचही खोल्यांना कुलपं लावून बाहेर पडले. रात्रपाळी करून आलेला एक जण "मौसी, नींद भी नहीं हुई" म्हणत रस्त्याकडेला उकिडवा बसला. भागी तान्ह्या पोरीला पदराखाली घेऊन कुंपणापलीकडे उन्हात जाऊन उभी राहिली. तिला कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं. ती विचारतही नव्हती. गाईंसाठी जागा करायची असेल, असं धरून चालली होती.

जयवंतीबाई विहिरीच्या कठड्यावर बसून हे बघत होत्या. बघायची सवयच होती.

दहा वाजता गाड्या आल्या. मोठे साहेब उतरले, मागे नकाशाची गुंडाळी घेतलेला प्रणव, फाईल घेतलेला नरहरी, आणि सगळ्यांच्या पुढे तात्या.

"हा गोठा क्रमांक दोनशे सतरा," साहेब म्हणाले. "किती जनावरं?"

"तीन, साहेब," तात्या म्हणाले. "दुभती."

"एकोणीस," जयवंतीबाई कठड्यावरून म्हणाल्या.

तात्यांनी त्यांच्याकडे कौतुकाने बघितलं. आपण तीनवर थांबलो आणि ही बाई एकोणीसवर गेली, याचा त्यांना गावकरी म्हणून अभिमानच वाटला. साहेबांना मात्र शंका आली. "एकोणीस? इथे तर तीनच दिसतात."

"बाकीची भायेर काढलीत. तुमी येनार म्हनून." त्या उठल्या आणि कुंपणाकडे हाक मारली, "भागी! ये गो आत. उन्हात पोर घेऊन काय उभी? या रे सगळे, उघडा दारं."

माणसं आली. कुलपं उघडली. पहिल्या खोलीत गॅसची शेगडी, देवाचं कॅलेंडर, टीव्ही. दुसरीत तीन डबे आणि रात्रपाळीवाल्याचं अंथरूण. तिसरीत झोळी. साहेब प्रत्येक दारात वाकून बघत होते, आणि दर दाराला तात्या एक पाऊल मागे सरकत होते. शेवटी ते गाईच्याही मागे गेले.

"काकू, पण ड्रोनमध्ये..." प्रणव म्हणाला.

"ड्रोनला दार वाजवता येत नाय, बाळा. तू आला असतास तर चा दिला असता."

साहेबांनी नरहरीच्या हातातली फाईल मिटली. "बाई, म्हणजे ही वस्ती आहे, आणि पूर्ण अनधिकृत आहे. हे पाडायची नोटीस निघू शकते, माहीत आहे ना?"

"माहीत हाय. मी बांधलंय, मीच लिवायला गेले होते, नि नको म्हटल्यावर मीच गप्प बसले. अठरा वर्षं. चूक माझी हाय." त्यांनी भागीच्या पदराकडे बोट केलं. "पाडायचं ते मागनं ठरवा. आधी माणसं मोजा. ह्या पोरीला दीड महिना झाला. तिच्या दाखल्यावर गोठा लिवलाय."

नरहरीने फाईल उगाचच या हातातून त्या हातात घेतली. झबलं चघळणाऱ्या गाईने तेवढ्यात शेपूट उचललं, आणि पाहणी दौरा आटोपला.

पुढचे आठ दिवस सातवडमध्ये जयवंतीबाईंशी कोणी बोललं नाही. वाण्याने सुट्टे नाहीत म्हणून साखर दिली नाही. देवळात बायका सरकून बसल्या. "स्वतःची वाडी वाचवायला गाव बुडवला," असं तात्या चौकात सांगत. त्यांचा तीन मजली गोठा त्यांच्या मागेच उभा होता, वरच्या मजल्यावर कोणाचे तरी कपडे वाळत होते.

नवव्या दिवशी फेरसर्वेक्षण लागलं. या वेळी दारं वाजवली गेली. सहाशे चौदा गोठ्यांत गाई नऊ निघाल्या आणि माणसं इतकी निघाली, की अंदाजपत्रकात पाण्याचा आकडा खोडून पुन्हा लिहावा लागला. पाडायची नोटीस निघाली नाही. एक गोठा पाडता येतो. सहाशे चौदा पाडले तर नगरपंचायतीला मतं कोण देणार? दंड भरून नियमित करा, असं ठरलं. सगळ्यांनी शिव्या दिल्या आणि अर्ज भरले. वाण्याकडे सुट्टे आले.

सुधारित आराखडा भिंतीवर लागला. जयवंतीबाईंनी पुन्हा बोटाने विहीर शोधली. तपकिरी रंग गेला होता. त्या जागी निळा होता. आरक्षण नंबर तेवीस: आरोग्य केंद्र. एवढी माणसं निघाल्यावर दवाखाना हवाच, आणि रस्त्यालगत मोकळी जागा शहरात एकच शिल्लक होती. तात्यांच्या आणि समितीतल्या बाकीच्यांच्या जमिनी हिरव्या असल्याने त्यांना पर्यावरणाच्या दृष्टीने हात लावता येत नव्हता. रस्त्याकडचे आठ गुंठे गेले होते. चार चिकू आणि अर्धी पानवेल. विहीर निळ्या रेषेच्या अगदी काठावर होती, आत की बाहेर ते कळत नव्हतं.

खरं बोलण्याचं बक्षीस त्यांना रोख मिळालं होतं.

पुन्हा तीस दिवस. अठ्ठाविसाव्या दिवशी त्या नरहरीच्या टेबलासमोर अर्ज घेऊन बसल्या. नरहरीने अर्ज वाचला.

"आरोग्य केंद्राला माझी हरकत नाही. सूचना एक आहे. विहीर माझ्याकडे राहावी. दवाखान्याला पाणी मी देईन. नगरपंचायतीचं पाणी येईपर्यंत इमारत थांबेल, रोगी थांबणार नाही."

"वयनी," नरहरी कागद पुन्हा वाचत म्हणाला, "हरकत घेतली असती तर जागा सुटली पन असती. कोर्टात पाचसहा वर्षं सहज जातात."

"पाचसहा वर्षांत ती पोर शाळेत जाईल. तोवर दर तापाला बोईसर? दे ठेवून. विहिरीचं काय ते बघ."

"सोबत घराचा उतारा जोडावा लागंल."

"मंग जोड."

नरहरीने रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि थांबला. नियमित करायच्या अर्जांचा ढीग अजून त्याच्या टेबलाखालीच होता. दोनशे सतरा नंबरसमोर त्याच्याच अक्षरात गोठा लिहिलेलं होतं, अठरा वर्षांत शाई जरा तांबूस झालेली. त्याने खणातून पट्टी काढली. पट्टी धरून त्या शब्दावर सरळ रेघ मारली, बाजूला घर लिहिलं, आणि खाली सही केली. मग पुढच्या रकान्यावर पेन ठेवून त्याने पहिल्यांदाच विचारलं,

"माणसं किती, वयनी?"

"एकोणीस," जयवंतीबाई म्हणाल्या. "नि मी. वीस लिव."