पुरुषभर ढील

माझ्या सासूबाई जगातल्या सगळ्या गोष्टींना ढील देतात, फक्त जावयाला सोडून. त्यांच्या अंगणातली कपड्यांची दोरी इतकी सैल असते की चादरीचं टोक जमिनीला टेकायच्या बेतात असतं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा कामाचा माणूस आहे हे दाखवायला म्हणून मी ती दोरी ओढून चांगली ताठ बांधली. दुपारी वारा सुटला, खुंटी भिंतीतून उपटून आली आणि सगळे धुतलेले कपडे चिखलात. सासूबाईंनी साबण आणि बादली तेवढी माझ्यासमोर आणून ठेवली.

त्या दोरकाम करतात. धक्क्यामागे पत्र्याची एक शेड आहे, तिथे बोटींचे तुटलेले दोर त्यांच्याकडे येतात. दोन्ही टोकांचे पीळ उलगडायचे, एकात एक गुंफायचे, आणि जोड असा करायचा की डोळे मिटून हात फिरवला तर कुठे जोडलंय ते सापडू नये. तीस वर्षं हे करून त्यांच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्यात की मोबाईल त्यांचा अंगठाच ओळखत नाही. माझ्या बायकोने चार वेळा प्रयत्न केला, शेवटी स्वतःचा अंगठा लावून दिला. माप त्यांचं एकच, पुरुष. हात वर केलेल्या माणसाएवढी उंची म्हणजे एक पुरुष. मीटरमध्ये विचारलं तर म्हणतात, तुमचा मीटर कधी पाण्यात उतरलाय का?

सासऱ्यांना घरात आम्ही बाबा म्हणतो. धक्क्यावर त्यांचं नाव बुडव्या पडलं. फार वर्षांपूर्वीच्या एका वादळात त्यांची बोट धक्क्याला बांधल्या जागी बुडाली. समुद्रात बुडाली असती तर लोक हळहळले असते. बांधलेली बोट बुडाली, म्हणून हसले. तेव्हापासून बाबा दुसऱ्यांच्या बोटींवर काम करतात आणि बुडव्या म्हणून हाक आली की ओ द्यायचे. मला वाटायचं, या माणसाला मान-अपमान काही कळतच नाही.

मी बंदराच्या कार्यालयात कारकून आहे. मागच्या साली मोठ्या वादळाचा इशारा आला तेव्हा आमचे साहेब रुजू होऊन चारच महिने झाले होते. भला माणूस, पण सगळी नोकरी समुद्रापासून दूर झालेली. त्यांनी सकाळी परिपत्रक काढलं: सर्व बोटी आज संध्याकाळपर्यंत धक्क्याला घट्ट बांधाव्यात. टाइप मी केलं. ‘घट्ट’ या शब्दाखाली रेघ मारली, तीही माझीच हौस. पाटीवर डकवून वळतो तर मागे सासूबाई.

त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग कुणी लिहिलंय म्हणून विचारलं. मी साहेबांचं नाव पुढे केलं. रेघेबद्दल गप्प राहिलो.

त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग, नोकरी मुठीत धरून. पाणी किती चढणार, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, तीन मीटरपर्यंत. सासूबाईंनी मनात हिशेब केला, म्हणाल्या, म्हणजे दीड पुरुष. मग बोट दीड पुरुष वर जाणार आणि आखडलेला दोर तिला खाली धरून ठेवणार, नाक पाण्याखाली जाणार. साहेब म्हणाले, सैल सोडल्या तर एकमेकींवर आदळून चुरा होईल. यावर सासूबाई म्हणाल्या, धक्क्याला ठेवल्या तर होईलच, म्हणून आत खाडीत न्यायच्या, तोंड वाऱ्याकडे, मध्ये भरपूर अंतर, प्रत्येकीचे दोर दोन वेगळ्या झाडांना आणि दोन पुरुष ढील.

साहेबांनी ऐकून घेतलं. लेखी हुकूम बदलणार नाही, पण मालकांनी ठरवलं तर अडवणारही नाही, एवढं म्हणाले. अधिकाऱ्याने एवढी ढील देणं म्हणजे खूप झालं.

शेडमध्ये मालक जमले. एकेचाळीस बोटी, म्हणजे एकेचाळीस घरांच्या चुली. सासूबाईंनी सगळं पुन्हा समजावलं. माना डोलू लागल्या होत्या, तेवढ्यात सगळ्यांत मोठ्या बोटीचा मालक म्हणाला, सल्ला चांगला आहे, पण बुडव्याच्या घरून आलाय.

शेडभर हसू फुटलं. बाबाही हसले. कोपऱ्यात बसून ते दोराची गुंडाळी करत होते, ती करत राहिले. लोक उठायला लागले. मला साफ दिसत होतं की आता सगळे धक्क्याकडे जाणार आणि माझ्या रेघेप्रमाणे घट्ट बांधणार.

सासूबाई उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

“ती बोट मी बांधली होती,” त्या म्हणाल्या. “हे तापाने फणफणले होते. मी एकटी गेले आणि जीव लावून बांधली. आठ गाठी मारल्या, दोर ताणून ताणून. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा बोट तळाला होती आणि आठही गाठी शाबूत होत्या. यांनी सगळ्यांना सांगितलं की बोट आपणच बांधली होती. मी गप्प बसले. बावीस वर्षं तुम्ही ज्याला बुडव्या म्हणता तो हा माणूस नाही, मी आहे. म्हणून तर सांगते, घट्ट बांधू नका.”

बाबांच्या हातातली गुंडाळी थांबली. माझी बायको मला नंतर म्हणाली की तिलाही हे ठाऊक नव्हतं. मग त्या मोठ्या बोटीच्या मालकाने विचारलं, दोर किती लागेल? त्या वाक्यावर बैठक संपली.

उरलेला दिवस सासूबाई पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरल्या. बोटी एकामागून एक खाडीत शिरत होत्या आणि त्या काठावरून चिखल तुडवत प्रत्येक झाडाचा बुंधा हलवून बघत होत्या. एकाने भीतीपोटी गुपचूप दोर आखडून घेतला, तर त्याला सगळ्यांदेखत सोडायला लावला. दोर कमी पडला तेव्हा शेडमधले जुने तुकडे आणून तिथेच जोडत बसल्या. मीही कार्यालयातून निघून तिथे गेलो. मला त्यांनी गाठ मारू दिली नाही, फक्त दोर धरायला दिला. सात मालकांनी मात्र परिपत्रक प्रमाण मानून बोटी धक्क्यालाच ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वादळ आलं. आम्ही सगळे टेकावरच्या शाळेत होतो. दुपारपर्यंत वर्गांची कौलं उडत होती, पोरं बाकांखाली होती आणि सासूबाई खिडकीच्या फटीतून खाडीच्या दिशेला बघत होत्या. दिसत काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी बाबांचा हात धरला. चारचौघांत त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

चौथ्या प्रहरी वारा पडला. खाली गेलो तेव्हा दोरकामाच्या शेडचे पत्रे गायब होते, धक्क्याच्या कडेला तुटलेल्या फळ्या तरंगत होत्या. तिथल्या सातांपैकी सहा बोटी बुडाल्या होत्या. आणि खाडीत चौतीस बोटी, चौतीसच्या चौतीस, झाडांच्या शेंड्यांजवळ डुलत होत्या. काहींचा रंग खरवडला होता, एकीची केबिन मोडली होती. पण सगळ्या पाण्यावर होत्या. मी तीनदा मोजल्या आणि तिसऱ्या वेळी मला रडू आलं. ही माझी सासू आहे, असं मी शेजारी उभ्या असलेल्या साहेबांना सांगितलं, जणू त्यांना ते माहीतच नव्हतं.

या साली परिपत्रक पुन्हा निघालं. साहेबांनी मजकूर सासूबाईंना वाचून दाखवला आणि मगच सही केली: बोटी खाडीत न्याव्यात, दोरांना किमान दोन पुरुष ढील ठेवावी. टाइप मीच केलं. ‘ढील’खाली रेघ मारली.

पण मला आठवतो तो वादळानंतरचा आठवडा. शेडवर नवे पत्रे चढवायला सगळे मालक आले होते. मोठ्या बोटीवाल्याने शिडीवरून बाबांना हाक मारली, “दादा, जरा तो खिळा द्या.” बाबांनी आजूबाजूला बघितलं, कोणाला हाक मारतोय म्हणून. मग खिळा दिला.

तो पलीकडे गेल्यावर बाबा सासूबाईंजवळ येऊन बसले. त्या दोर जोडत होत्या.

“सांगायची काय गरज होती?” ते म्हणाले. “मला सवय झाली होती.”

“मला नव्हती झाली,” सासूबाई म्हणाल्या, आणि दोराचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं.