घोडीसमोरचं संथ गाणं

"पोटमाईन ऐक रे भो, कान ते बैललेबी शेतस!" कान तर बैलालाही असतात, असं अहिराणीत म्हणून नाना स्वतःच्या पोटावर अशी थाप मारायचे की पत्र्यावरची कबुतरं उडायची.

नाना धुळ्याच्या एका बँडमधले सॅक्सोफोनवाले. अंगात लाल कोट, त्याला सोनेरी झालर, गळ्यात सॅक्सोफोन. कोटही मालकाचा, वाद्यही मालकाचं. नानांची फक्त फुंकर. पण काय फुंकर! त्यांनी एक सूर धरला की धुळ्याहून निघालेली एसटी पारोळ्याला पोचायची, तरी सूर सुटलेला नसायचा. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा. तो बिचारा आता रिटायर झाला, ते सोडा.

आमचा एक क्लब होता. हसू नका! ऐंशीच्या दशकातल्या धुळ्यात क्लब! कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची शेड रिकामी पडायची. रविवारी दुपारी तिथे लाल-हिरव्या जिलेटिनचे बल्ब, एक टेपरेकॉर्डर, आम्ही पोरं आणि आमच्यात येऊन रमणारे नाना. पोरगी औषधालाही नाही. पोरांनीच पोरांच्या खांद्यावर हात टाकून नाचायचं. पंखा लावला की उरलासुरला कापूस उडायचा आणि आमची शेड बर्फासकट अमेरिका व्हायची.

सावद्याची केळी मुंबईला नेणारा एक ट्रकवाला येताना कॅसेटी आणायचा. एकदा त्यातून अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं सोल संगीत आलं. पहिलंच गाणं ऐकून नाना मटकन खाली बसले.

"हाऊ माणूस गाई राह्यना का रडी राह्यना रे?"

"दोन्ही, नाना."

त्या दिवसापासून नाना त्या एका संथ गाण्याचे झाले. दर रविवारी टेपसोबत वाजवायचे. पण त्यांना ते शेडमध्ये नको होतं. रस्त्यावर, वरातीत, चारचौघांसमोर एकदा वाजवायचं होतं. मालकानं ठणकावलं होतं, "वरातीत रडगाणं? एकदा वाजव, की कोट उतरव, वाजा ठेव आणि चालू लाग."

पुढे माझं लग्न ठरलं, एरंडोलच्या मुलीशी. बँड अर्थातच नानांचा.

"नाना, माझ्या वरातीत वाजवणार?"

नानांनी सॅक्सोफोनची एक-दोन बटणं दाबून पाहिली. मग म्हणाले, "तू घोडीवर बठ. मंग दखू."

गोरज मुहूर्त होता. मारुतीचं दर्शन घेऊन वरात वळली आणि नानांनी ते गाणं काढलं. ढोलवाले गोंधळून थांबले. आमच्या क्लबच्या पोरांनी मात्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले आणि डुलायला लागली. वरात तसूभर हलेना. घोडीनं डोळे मिटले. मी वर होतो, मला माहीत!

"ओ पाव्हणे, मुहूर्त टळतोय! पाय उचला!" मुलीकडचे ओरडायला लागले.

मागून मालक धावत आला आणि नानांचा कोट ओढायला लागला. नानांनी एक हात बाहीतून काढून दिला, मग दुसरा. ओठ मात्र सॅक्सोफोनवरून काढले नाहीत. उरलेलं गाणं त्यांनी बनियनवर संपवलं. मग रुमालानं वाद्याचं तोंड पुसलं आणि ते मालकाच्या हातात दिलं.

"नाना, थांबा!" मी वरून ओरडलो. पण मांडवाआधी नवरदेवानं उतरायचं नसतं. दोन मेहुण्यांनी माझे गुडघे धरून ठेवलेले.

नानांनी वर पाहिलं. "बेस वाजनं ना रे भो?"

"बेस वाजलं, नाना."

गर्दीतून वाट काढत ते स्टँडकडे गेले. पुढे कळलं, सुरतेला यंत्रमागावर कामाला लागले.

लग्नानंतर कधीतरी बायको म्हणाली, "मी आत चुडा भरत होते. सगळ्यांची मुहूर्तासाठी आरडाओरड चाललेली आणि माझ्या मनात येत होतं, टळला तर टळू दे, पण हे बंद करू नका."

एवढं नानांना सांगायला मी सुरत गाठली. गल्ल्या पालथ्या घातल्या. जिथे जावं तिथे मागांचा खडखडाट. अख्खं धुळं जागं करील असा माझा आवाज, पण एका दारात उभा राहून "नाना!" म्हणून ओरडलो, तर माझं मलाच ऐकू आलं नाही.