एब की ऐब

आमच्या सोलापुरात कुठला आलाय समुद्र! तरी अठ्ठावीस वर्षं मी नववीच्या पोरांना 'एब' हा इंग्रजी शब्द शिकवला. एब म्हणजे ओहोटी. पाणी मागं सरतं. माणसाची ताकद, उमेद हळूहळू कमी होते, त्यालाही एबच म्हणतात. एकदा मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, ऐब बोले तो खोड ना? हमारी दादी बोलती, अब्बा में एकच ऐब, तंबाखू." वर्ग खिदळला, मीही हसले. "अगं बाई, तो ऐब वेगळा, हा एब वेगळा. बस खाली."

निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी मला संशय यायला लागला, की घरात माझ्यामागं काहीतरी शिजतंय. मुलगा आणि सून माझ्यादेखत कुजबुजायचे. मी वळून बघितलं की गप्प. सून अक्कलकोटकडची, माहेरचा फोन आला की तिचं कन्नड सुरू. त्यात मधूनच 'अत्ते' यायचं. अत्ते म्हणजे सासू, एवढं मला कळतं. पुढचं कळायचं नाही, पण माझी आरती तर नक्कीच ओवाळत नसणार.

एकदा कुकरच्या दोनच शिट्ट्या झाल्या आणि हिनं गॅस बंद केला. म्हटलं, "डाळ कच्चीच खायला घालतेस का?" ती म्हणाली, "आई, चार झाल्या की." तोंडावर खोटं बोलते! टीव्हीचा आवाज बसला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, टीव्ही ठणठणीत आहे. मुलाकडं बघून हसला मेला, म्हणजे तोही सामील.

मग एकदा दोघांच्या कुजबुजीतलं थोडं हाती लागलं. "मशीन... आईला सांगायचं कसं?" माझं शिलाई मशीन! आईनं लग्नात दिलेलं. ते भंगारात घालायचा बेत चाललाय, दुसरं काय?

पण कहर झाला तो पाण्यावरून. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्याआधी नळातून हवा फुसफुसते, आणि ती गल्लीत सगळ्यांत आधी मला ऐकू यायची. मी "आलं गं!" म्हणून हाळी दिली की मगच बाकीच्यांच्या घागरी वाजायच्या. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. बाहेर येऊन बघते तर पिंप काठोकाठ भरलेलं आणि सून नळ बंद करतेय. माझं टाळकंच सटकलं. "मुद्दाम सांगितलं नाहीस! एवढी नकोशी झाले का मी? पुढचं पाणी आलं की मी वळसंगला बहिणीकडं निघाले. कायमची." मुलगा हात जोडून काहीतरी म्हणाला. तेही पुटपुटतच.

पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळीच भरलेली पिशवी शेजारी ठेवून मी नळासमोर स्टूल टाकून बसले. आता बघू, मला कसं फसवतात ते. पहिली हाळी मीच देणार होते आणि मगच घर सोडणार होते.

थोड्या वेळानं सून समोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ हलले. मी खेकसले, "मोठ्यानं बोल की! घाबरतेस कुणाला?"

ती खाली वाकली, माझा हात धरला आणि नळावर ठेवला. नळ थरथरत होता. ती माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "आई, कधीचा फुसफुसतोय!" तिचे डोळे भरले होते. "कानाचं मशीन घेऊ या म्हणत होतो. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून बोलवत नव्हतं."

मी लई घाबरले. नळाला कान लावून बघितला, तर आत काहीच नाही. माझ्या पायांवर गार पाणी पडलं तेव्हाच कळलं, की पाणी आलं. ओहोटी माझ्या कानांना लागली होती आणि मी खोड सुनेची काढत होते. मागच्या बाकावरच्या त्या पोरीला मी उगाच खाली बसवलं होतं.

हाळी द्यायचं राहूनच गेलं. सुनेनं नळाखाली घागर लावली. मी तिच्या पदराला धरून विचारलं, "त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या होत्या गं?"

तिनं ओला हात पुसला आणि माझ्या डोळ्यांसमोर चार बोटं धरली.