सालाझारांची सून

"आमच्यातलेच ते!" असं म्हणताना काकू जॅकेटचा खांदा सारखा करायच्या. पदराची सवय, दुसरं काय!

टीव्हीवर सालाझार आडनावाचं कुणी दिसायचा अवकाश, काकूंनी नातं लावलंच म्हणून समजा. मेक्सिकोचा फुटबॉलपटू त्यांचा धाकटा दीर, फिलिपिन्सची पुढारीणबाई जाऊ, कोलंबियाचा चित्रकार भाचा. एकदा मी मुद्दाम खोडी काढली. "आणि गोवा सोडायला तयार नव्हता, तो पोर्तुगालचा सालाझार?"

काकू जराही अडखळल्या नाहीत. "तो भाऊबंदांतला. आमचं त्यांच्याकडे जाणंयेणं नाही."

तुम्ही-आम्ही नाही का, जोशी भेटला की लगेच विचारतो, "कुठले जोशी?" त्यातलाच हा प्रकार, असं मला वाटायचं. काकू मूळच्या नागपूरच्या. इथे परदेशात, वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी राहायच्या. काका इक्वेडोरचे, अनाथाश्रमात वाढलेले. घरून मिळालेलं म्हणावं असं त्यांच्याजवळ आडनाव तेवढं होतं. काकू म्हणायच्या, "अरे, सासरी भांडायला एक माणूस नाही! म्हटलं, आपणच गोळा करू."

लेकीचं लग्न ठरलं आणि काकूंची थट्टा थांबली. मुलाकडून पुण्याचं भलंमोठं वऱ्हाड येणार, काकूंच्या माहेरचे मामा-मावश्या येणार. काकांच्या बाजूला मात्र कुणीच नाही. "पोरीच्या लग्नात बाप एकटा दिसायला नको रे," काकू म्हणाल्या.

मग एका शनिवारी त्यांनी मला ड्राइव्ह करायला लावलं. पर्समध्ये अक्षता. दातांचे क्यूबन डॉक्टर, हॉस्पिटलमधली फिलिपिनो नर्स, घरांची छपरं दुरुस्त करणारे मेक्सिकन आजोबा. सगळे काकूंच्या ओळखीचे, सगळे सालाझार, आणि एकमेकांना पार अनोळखी. नर्सने तळहातावरचे तांदूळ बघून विचारलं, "व्हॉट डू आय डू विथ धिस?"

"लग्नाला ये, सांगते. यू आर फ्रॉम अवर साइड, यायचंच!" मराठी तिला कळलं नसावं, पण ती आली. सगळेच आले.

आता काका-काकू दूर अल्फारेटाला लेकीजवळ राहतात. शेजारच्या घरात नवीन कुटुंब आलंय, माणसं चांगली आहेत. आडनावावरून मात्र कुणी नाती लावत नाही, आणि मला करमत नाही. काकू आठवतात त्या एडिसन गावातल्या, लेकीच्या लग्नाच्या हॉलमधल्या.

व्याह्यांनी काकांना सहज विचारलं होतं, "तुमच्याकडची मंडळी कुठे बसलीत?" काका ओशाळून हसले. "माझं तसं कुणी..." म्हणेपर्यंत मागून छपरंवाले आजोबा उठून आले. कोट जरा तोकडाच होता. काकांच्या शेजारी उभे राहून ते स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलले. व्याही गोंधळले.

काकूंनी सांगितलं, "म्हणतायत, मी ह्याचा थोरला भाऊ."

काका वाकले, आणि भरल्या मांडवात आजोबांच्या पाया पडले. आजोबा गांगरले; हातांचं काय करावं त्यांना कळेना. तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरला आणि काकांच्या डोक्यावर ठेवला.