नाल्यात उतरू नका

धोंडिराम, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, मला ठाऊक आहे. तरी लिहिते. परवा आमच्या सोसायटीत ‘आपत्ती आणि आपण’ असं भाषण झालं. एक गुळगुळीत माणूस तासभर बोलला आणि नेमकं काय करायचं ते काही त्याने सांगितलं नाही. मला तुमची भिंत आठवली. तुम्ही चार ओळींत उरकलं होतंत. तुमची गोष्ट तुम्हालाच काय सांगायची म्हणा. पण हे चार लोक वाचतील, तेव्हा ऐकून घ्या.

तुम्ही पाट्या रंगवणारे. नगर जिल्ह्यातून लहानपणी आलेले, भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठाला आईबरोबर राहणारे. दुकानांचे बोर्ड, निवडणुकीच्या भिंती, विहारातलं चौदा एप्रिलचं कापड, सगळं तुमच्या हातचं. मी मुलुंडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, तेव्हा प्रयोगशाळेतल्या धोक्याच्या पाट्याही तुम्हीच केल्यात. तुमची कवटी जरा हसरी असायची. मी हटकलं तर म्हणालात, “बाई, लईच भेसूर काढली तर पोरं दचकून बाटलीच पाडतील.”

भोपाळ झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही माझ्या दारात उभे. मी तोवर निवृत्त झाले होते.

“जयभीम, बाई. घोळ झालाय.”

घोळ असा होता. तुमच्या वस्तीला लागून रंगांचा एक कारखाना. आत क्लोरिनचे मोठाले सिलिंडर. भोपाळनंतर लोक विचारायला लागले, तेव्हा कंपनीने तुम्हाला भिंत रंगवायला सांगितली: ‘घाबरू नका. आपली सुरक्षितता हीच आमची काळजी.’ त्याच आठवड्यात वस्तीतल्या मंडळाच्या भाऊरावांनीही तुम्हालाच बोलावलं. त्यांना हवं होतं: ‘इथे मरण साठवले आहे!’ खाली कवटी.

“मग काय, एकाच ब्रशाने दोन्ही रंगवा,” मी म्हटलं.

“रंगवली असती हो. पण भिंतीखाली माझी आई राहती. तिला खरं काय सांगू, ते बोला.”

मी सांगितलं. हा भोपाळचा वायू नव्हे. पण पाणीही नव्हे. ब्लीचिंग पावडरीसारखा वास येतो. थोडा लागला तर डोळे चुरचुरतात, खोकला येतो. जास्त लागला तर फुफ्फुसं जातात, माणूस मरतो. हवेपेक्षा जड असतो, म्हणून खोलगट जागी साचतो. वाऱ्याला आडवं चालत बाजूला व्हायचं आणि उंचावर जायचं. वेळेत निघाली तर बहुतेक माणसं वाचतात.

तुम्ही मान डोलावलीत आणि गेलात. मला वाटलं, झालं.

मग कंपनीने नवा भोंगा बसवला. पहिल्यांदा वाजवणार त्या दिवशी तुम्ही मला रंगवायची भिंत दाखवायला बोलावलं होतं. भोंगा झाला, आणि तुमची आई, चंपाबाई, हातातलं निवडायचं सूप टाकून तरातरा नाल्यात उतरली आणि काठाशी पालथी पडली. कानांवर हात. तिच्यामागे वस्तीतली आणखी म्हातारी माणसं. पोरंसोरं टाळ्या पिटायला लागली.

“आये, ऊठ! काय करतीस?”

“गप पड रं मुडद्या! इमान यील वरून!”

बांगलादेशच्या लढाईत वॉर्डनने वस्तीला शिकवलं होतं: भोंगा झाला की खड्ड्यात, नाल्यात पालथं पडायचं. वस्तीने नीट पाठ केलं होतं, अजून विसरली नव्हती. बॉम्बसाठी बरोबर होतं ते. क्लोरिनसाठी तीच मरायची जागा. तुम्हीही हसत होतात, धोंडिराम. मग माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि तुमचं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी आपण दोघं मॅनेजरकडे. तो काही वाईट माणूस नव्हता, नुसता भित्रा होता. “क्लोरिनचं नाव भिंतीवर नको. उगाच पॅनिक होईल.”

तुम्ही म्हणालात, “साहेब, नुसतं ‘घाबरू नका’ लिहिलं तर नाल्यात पडलेली माणसं तिथंच पडून राहतील. न घाबरता.”

भाऊरावांकडे गेलो तर ते म्हणतात, “कवटी काढ ना यार, मोठ्ठी! लोक जागे झाले पाहिजेत.”

“जागे होऊन पळतील कुठं, भाऊराव? नाल्यातच ना?”

शेवटी तुम्ही दोन्ही कामं सोडलीत आणि विहाराच्या नाल्याकडच्या भिंतीवर स्वतःच्या रंगाने लिहायला बसलात. मजकूर माझा, कापाकापी तुमची: ‘क्लोरिनचा वास आला तर नाल्यात उतरू नका / वाऱ्याला आडवे चाला / उंचावर जा / वेळेत निघाली तर बहुतेक माणसे वाचतात.’ ‘बहुतेक’ या शब्दावरून केवढा तमाशा! मॅनेजरने निरोप धाडला, लिहायचंच असेल तर ‘सगळी माणसे वाचतात’ लिहा. भाऊराव म्हणे, ‘बहुतेक’ने धार जाते, खोडा. तुम्ही तो शब्द लाल रंगात घेतलात. “जेवढं खरं तेवढंच,” म्हणालात, “कमी नाही, जास्त नाही.” कंपनीने मग तुम्हाला दारात उभं केलं नाही. भाऊराव वर्षभर तुमच्याशी बोलले नाहीत.

आपलंही भांडण झालंच. ओळींच्या खाली तुम्ही एक मोठा पांढरा बाण काढलात, टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे रोख.

“हे कोणी सांगितलं?” मी ओरडले. “वारा बघून जायचं असतं. बाणाला वारा कळतो का?”

“आणि माझ्या आईला अक्षर कळतं का, बाई?”

वारा बहुतेक दिवस टेकडीवरूनच खाली येतो, हेही खरंच होतं. बाण राहिला.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी व्हॉल्व्ह खरंच फुटला. भोंगा झाला. नाल्यात एकही माणूस उतरला नाही. हे मी दोनदा सांगेन: एकही नाही. चंपाबाई कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बाणाप्रमाणे टेकडी चढली, आणि तिच्यामागे निम्मी वस्ती. पण थंडीत सकाळी तिथे वारा फिरतो, खाडीकडून टेकडीकडे जातो. वायू त्यांच्या मागोमाग चढला. गळती लवकर बंद झाली म्हणून निभावलं. कोणी गेलं नाही, पण दहा-बारा जण खोकत इस्पितळात. ज्यांनी वाचून, वारा बघून रस्त्याने मुलुंडच्या बाजूला चाल धरली, त्यांना काही झालं नाही.

मी भेटायला गेले, तर चंपाबाई खाटेवरून लेकाला म्हणत होती, “तुजा बाण आंधळा हाय रं. त्याला डोळं काढ.”

तुम्ही हसला नाहीत. बाहेर व्हरांड्यात मला म्हणालात, “बाई, विहारावर बांबूला फडकं बांधतो, वारा दिसायला. आणि दुसरा बाण काढतो, फडकं टेकडीकडे उडालं तर धरायचा. पण तो नेमका कुठून कुठं, ते तुम्ही थंडीत पहाटे येऊन माझ्यासंगं उभं राहून सांगा. मनानं नाही काढणार आता.”

फडकं तुम्ही त्याच आठवड्यात बांधलंत. पहाटेचं मात्र ठरेपर्यंत थंडी सरली होती आणि वारा पुन्हा टेकडीवरून यायला लागला होता. “पुढच्या डिसेंबरात,” आपण ठरवलं. त्या पावसाळ्यात तुम्हाला कावीळ झाली, आणि तो डिसेंबर तुम्ही पाहिलाच नाहीत.

दुसऱ्या बाणाची जागा तुम्ही पांढरी करून ठेवली होतीत, चौकोनी, पहिल्याच्या शेजारी. तेवढीच राहिली.